जेआरएफ, राज्याची अधिछात्रवृत्ती की पीएमआरएफ: पीएच.डी.च्या आधी करायचा हिशेब

पदव्युत्तर शिक्षण संपवून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘महिन्याला किती मिळतात?’ हाच असतो. प्रश्न रास्त आहे, परंतु निवड करताना त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण बहुतेक योजनांची रक्कम सारखीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजेच युजीसीच्या, कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा (जेआरएफ) दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पहिल्या दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचा (एसआरएफ) दर ४२,००० रुपये आहे. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिप याच दरांना बांधलेल्या आहेत आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही याच धर्तीवर चालतात. खरा फरक आहे तो पैसे पीएच.डी.च्या नोंदणीआधी मंजूर होतात की नंतर, मुदतीचे घड्याळ कधी सुरू होते आणि मधल्या काळात विद्यार्थ्यावर कोणती बंधने येतात, या गोष्टींत. महाराष्ट्रातील एखाद्या विद्यापीठात पूर्णवेळ संशोधन करू इच्छिणाऱ्याला निर्णय घेता यावा, एवढ्याच हेतूने हे पर्याय येथे शेजारी-शेजारी मांडले आहेत.

जेआरएफ: आधी फेलोशिप, मग मार्गदर्शक

जेआरएफसाठी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसावे लागते. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण हवेत. इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमिलेयर), अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के पुरतात. २०२४ पासून चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यांनाही जेआरएफ आणि पीएच.डी. प्रवेश यांसाठी ही परीक्षा देता येते. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ३० वर्षे असून वर सांगितलेल्या गटांना आणि सर्व महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. महिलांची ही सवलत खुल्या प्रवर्गातील मुलींनाही लागू होते. लग्न, मूल किंवा नोकरी यांमुळे मध्ये खंड पडलेल्या अनेकजणींना ती ठाऊक नसते आणि तिशी उलटली म्हणून त्या अर्जच भरत नाहीत.

परीक्षेत दोन पेपर एकाच तीन तासांच्या सत्रात होतात. पहिला १०० गुणांचा आणि सर्व विषयांना समान, दुसरा २०० गुणांचा आणि आपल्या विषयाचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील उमेदवारांचे गुण प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य धरले जातात आणि तेथे ७० टक्के भार परीक्षेच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला असतो. ‘नेट झाली’ एवढे कळल्यावर घरी पेढे वाटले जातात. पण फेलोशिप फक्त पहिल्या गटाला मिळते, हे निकालपत्र हाती घेतानाच पाहून घ्यावे.

जेआरएफचे मोठे बळ असे की मंजुरीपत्र उमेदवाराच्या नावाने निघते, विद्यापीठाच्या नावाने नाही. त्यामुळे पुण्यात मार्गदर्शकाकडे जागा नसेल तर कोल्हापूर, नागपूर किंवा हैदराबाद असे पर्याय खुले राहतात. मार्गदर्शकाची जागा ही येथे खरी अडचण असते. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक विद्यार्थी घेता येतात. लहान विभागांत या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या असतात आणि जेआरएफचे पत्र कायम वैध राहत नाही. म्हणून निकालाची वाट पाहत असतानाच दोन-तीन मार्गदर्शकांशी विषयाबद्दल बोलून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

घरभाडे भत्ता शहराच्या श्रेणीप्रमाणे मिळतो. मुंबई आणि पुणे सर्वांत वरच्या श्रेणीत, नागपूर आणि नाशिक त्याखालच्या, तर गडचिरोलीसारखी ठिकाणे शेवटच्या श्रेणीत येतात. विद्यापीठाचे वसतिगृह मिळाले तर हा भत्ता मिळत नाही; तरीही पुण्यातले भाडे पाहता वसतिगृहाची खोली सोडू नये. आकस्मिक खर्चासाठी मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये, विज्ञान शाखेला अनुक्रमे १२,००० आणि २५,००० रुपये दरवर्षी मिळतात.

दोन वर्षांनंतर एसआरएफचा दर आपोआप लागू होत नाही. कामाचे मूल्यमापन करणारी समिती बसते, तिच्यात बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि तिने अनुकूल शिफारस केली तरच दर वाढतो. एकूण मुदत पाच वर्षे किंवा प्रबंध सादर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर.

बार्टी, सारथी, महाज्योती: आधी नोंदणी, मग अर्ज

राज्याच्या संस्थांचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. पुण्याची बार्टी अनुसूचित जातींसाठी, पुण्याचीच सारथी मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजांसाठी, तर नागपूरची महाज्योती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी अधिछात्रवृत्ती देते. येथे विद्यार्थी आधी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘पेट’, उत्तीर्ण होतो, मार्गदर्शक मिळवतो, संशोधन समितीसमोर आराखडा मांडतो, नोंदणीचे पत्र घेतो आणि त्यानंतर जाहिरातीची वाट पाहतो. जाहिरात कधी येईल हे त्याच्या हाती नसते. दरम्यान सहामाही अहवाल, कोर्सवर्कचे किमान १२ श्रेयांक आणि शुल्क हे सर्व चालूच असते. मंजुरी येईपर्यंतचे महिने घरच्यांच्या पैशांवर किंवा उसनवारीवर काढावे लागतात, आणि ज्याच्या घरी ती सोय नाही त्याच्यासाठीच ही योजना आहे हा त्यातला विरोधाभास कोणाच्याही लक्षात यावा.

पात्रतेचा पाया येथे परीक्षेपेक्षा कागदपत्रांचा असतो. महाराष्ट्राचा अधिवास, जातीचा दाखला, ज्या गटांना लागू असेल त्यांना नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र, आणि जात वैधता प्रमाणपत्र मागितले गेल्यास तेही. वैधतेचा प्रस्ताव पडताळणी समितीकडे जातो आणि तेथे लागणारा वेळ अर्जदाराच्या सोयीने ठरत नाही. बारावीनंतर अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशासाठी ज्यांनी ते काढून ठेवले ते येथे सुटतात, कला शाखेतून आलेले अडकतात. नोंदणीचे पत्र, मार्गदर्शकाचे मान्यतापत्र आणि संशोधन केंद्राचे पत्र या तिन्ही ठिकाणी विषयाचे शीर्षक शब्दशः एकच असावे. शीर्षकातला ‘आणि’ व ‘व’ एवढा फरकही छाननीत त्रुटी म्हणून परत येऊ शकतो.

अनिश्चिततेचा इतिहास लपवण्यात अर्थ नाही. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीत आधी २०० जागांची मर्यादा होती. मुंबईच्या आझाद मैदानावरील प्रदीर्घ आंदोलनानंतर ८६१ विद्यार्थ्यांना फेलोशिप मान्य झाली. पुढे संस्थांसाठी सामाईक चाळणी परीक्षा आणण्यात आली. २४ डिसेंबर २०२३ ची ती परीक्षा प्रश्नपत्रिकेवरून वादात सापडली, १० जानेवारी २०२४ रोजी पुन्हा घेण्यात आली आणि त्या दिवशीही काही केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. फेलोशिप कोणत्या तारखेपासून धरायची आणि ती अर्धी द्यायची की पूर्ण, हे प्रश्नही आंदोलनांतूनच पुढे सरकले. माझे मत असे की राज्याची अधिछात्रवृत्ती हा आधार मानावा, पण केवळ तिच्या भरवशावर नोकरी सोडू नये. निदान मंजुरीपत्र हाती येईपर्यंत तरी नाही.

केंद्राच्या प्रवर्गनिहाय फेलोशिप आणि काही कमी माहीत असलेल्या वाटा

अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला २,०००, इतर मागासवर्गाच्या १,००० आणि अनुसूचित जमातींच्या ७५० जागा आहेत. पहिल्या दोन्हींची निवड नेटच्या गुणवत्तेवर होते, तर अनुसूचित जमातींच्या फेलोशिपसाठी नेटची अट नाही, तेथे पदव्युत्तर पदवीचे गुण पाहिले जातात. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या अनुसूचित जातीच्या किंवा ओबीसी विद्यार्थ्याने बार्टी-महाज्योतीआधी या यादीत आपले नाव आहे का हे तपासावे, कारण रक्कम तीच आणि जाहिरातीची वाट पाहणे त्या मानाने कमी. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आहे. जुन्या माहितीपत्रकांत तिचे नाव अजून आढळते, त्यावर विसंबू नये.

आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्या संशोधिकेसाठी युजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे. तिला नेटची सक्ती नाही, पूर्णवेळ पीएच.डी.ची नोंदणी लागते, आणि वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ४०, आरक्षित गटांना ४५ वर्षे इतकी सैल आहे. जुळ्या बहिणींनाही अर्ज करता येतो. भाऊ असल्यास नाही. अट अगदी विशिष्ट असली तरी ज्या मुलीला ती लागू होते तिच्यासाठी जेआरएफपेक्षा ही वाट सरळ आहे.

‘नॉन-नेट फेलोशिप’ हा शब्द आपल्याकडे फार वापरला जातो, पण तिचा गैरसमजही तितकाच आहे. पीएच.डी.ला महिना ८,००० रुपयांची ही योजना केंद्रीय विद्यापीठांपुरती आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात ती मिळू शकते, पुणे, मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठात नाही, कारण ती राज्य विद्यापीठे आहेत. २०१५ मध्ये ही फेलोशिप बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध दिल्लीत युजीसीच्या कार्यालयासमोर मोठे आंदोलन झाले होते. रक्कम मात्र त्यानंतरही फार पुढे गेली नाही.

पीएमआरएफ: रक्कम मोठी, दार अरुंद

पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती (पीएमआरएफ) २०१८ मध्ये सुरू झाली. पहिली दोन वर्षे महिना ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षे ८०,००० रुपये, शिवाय वर्षाला दोन लाखांचा संशोधन निधी अशी तिची रचना होती. ती विज्ञान-तंत्रज्ञानासाठी आणि आयआयटी, आयआयएससी (बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था), आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्था) यांसारख्या निवडक संस्थांपुरती होती. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई आणि आयसर पुणे ही त्यांतली ठळक नावे. मराठी वाङ्मय, इतिहास किंवा समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यासाठी ती नाही. जवळच्या महाविद्यालयात, तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये आठवड्यातून एकदा शिकवण्याची अट आणि दरवर्षीचे काटेकोर मूल्यमापन हेही तिचे भाग होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आयआयटी आणि आयआयएससीमधील तंत्रज्ञान संशोधनासाठी १०,००० फेलोशिपची घोषणा झाली, तेव्हा अर्ज करणाऱ्याने जुन्या अटी गृहीत न धरता त्या वर्षीची सूचना वाचावी. आयआयटीत प्रवेश मिळाला पण पीएमआरएफ नाही, तरीही संस्थेच्या अध्यापन-साहाय्याच्या वाटेने जेआरएफइतकी रक्कम मिळते. त्या बदल्यात आठवड्याला सुमारे आठ तास प्रयोगशाळा, ट्यूटोरियल किंवा उत्तरपत्रिका यांचे काम करावे लागते.

सर्वांना समान असलेल्या अटी, ज्या शेवटी वाचल्या जातात

कोणतीही फेलोशिप घेताना संशोधन पूर्णवेळ असावे लागते आणि दुसरी फेलोशिप किंवा पगार घेता येत नाही. महाराष्ट्रात ही अट सर्वांत जास्त बोचते ती तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्यांना. सीएचबीचे मानधन तुटपुंजे असते, पण तो अनुभव पुढे मुलाखतीत मोजला जाईल या आशेने तो सोडवत नाही. विभागातील ट्यूटोरियल किंवा प्रयोगशाळेतील मदत चालते, मानधनाचे व्याख्यान चालत नाही. कायम नोकरीतील शिक्षकाने अर्धवेळ नोंदणी केली तर ना हरकत प्रमाणपत्रावर पीएच.डी. होते, फेलोशिप मात्र नाही.

पैसे दर महिन्याला येतात ते विद्यापीठाने हजेरी आणि काम यांची खातरजमा करून पोर्टलवर नोंद केल्यावर. ही नोंद करणारा ‘मेकर’ आणि तपासणारा ‘चेकर’ अशी दोन माणसे विद्यापीठात नेमलेली असतात. त्यांपैकी एकाची बदली झाली की विभागातल्या सर्वांचे हप्ते थांबतात. म्हणून विद्यापीठ निवडताना तेथील सध्याच्या दोन-तीन फेलोंना ‘शेवटचा हप्ता कधी जमा झाला?’ असे थेट विचारावे. माहितीपत्रकात हे उत्तर नसते.

आता घड्याळाचा मुद्दा. पीएच.डी.ची किमान मुदत तीन आणि कमाल सहा वर्षे आहे, पुढे पुनर्नोंदणीने दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, पण एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जात नाही. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. फेलोशिप मात्र पाच वर्षांचीच. नोंदणीनंतर दीड वर्षाने राज्याची फेलोशिप मंजूर झालेल्या विद्यार्थ्याचा आणि जेआरएफ घेऊनच नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याचा हिशेब येथे वेगळा होतो. पहिल्याची सुरुवात कोरडी जाते, दुसऱ्याचा शेवट, कारण लेखनाचे सहावे वर्ष बिनपैशांचे असते. एम.ए. नुकतेच झालेल्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला माझा सल्ला नेटचे निदान दोन प्रयत्न मनापासून देऊन मगच ‘पेट’च्या वाटेने नोंदणी करण्याचा असतो. तिशीच्या पुढे असलेल्या, जात वैधता आणि मार्गदर्शक दोन्ही तयार असलेल्या विद्यार्थ्याने थांबू नये. नोंदणी करून राज्याच्या जाहिरातीसाठी कागदपत्रांची फाईल आजच लावावी, आणि हमीपत्रात मध्येच संशोधन सोडल्यास रक्कम परत करण्याचे कलम आहे का, ते सही करण्याआधी घरच्यांसह वाचावे.