आठ महिने वायफाय अ‍ॅनालायझर वापरून: अठराशे वाचले, पण शिळ्या आकड्याचा राग जात नाही

गेल्या आठवड्यात नेट दुरुस्तीला आलेल्या मुलाने नवा राउटर लावला, मागच्या खोलीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, इथे रेंज पोचत नाही. सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर घ्या, अठराशे रुपये." मी मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर, म्हणजे आसपासच्या राउटरांचे चॅनेल आणि सिग्नलची ताकद दाखवणारं अ‍ॅप, उघडून त्याच्यापुढे धरला. मागच्या खोलीत उणे ६४ डीबीएम! (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला.) रेंज चांगलीच होती, घोळ चॅनेलचा, म्हणजे राउटर ज्या रेडिओ पट्ट्यावर बोलतो त्याचा होता. आमच्या सिडकोत घराला घर चिकटलेलं. १ आणि ६ वर शेजाऱ्यांचे मिळून अकरा राउटर, आणि आमचा नेमका ३ वर; जवळचे चॅनेल एकमेकांवर चढतात, म्हणजे दोन्हीकडून मार. ११ वर दोनच होते, तेही उणे ८५ च्या आसपास. राउटर त्या चॅनेलवर नेला आणि व्हिडिओ अडकायचा थांबला. रिपीटर घेतला असता तर त्याच गर्दीत आणखी एकाची भर पडली असती.

हेच अ‍ॅप पहिल्या महिन्यात मी काढून टाकणार होतो. हॉलमधून गच्चीपर्यंत गेलो तरी आकडा उणे ७१ च. त्या आकड्यावर विसंबून राउटर तीन जागी हलवला, भिंतीला नवी भोकं पाडली. दोन आठवड्यांनी कारण कळलं. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं अ‍ॅपही दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करू शकतं, म्हणजे आसपासचे राउटर नव्याने तपासू शकतं. बॅटरी वाचावी म्हणून ही मर्यादा. मान्य, पण मी जिन्यात उभा असताना अ‍ॅप मला हॉलमधला आकडा दाखवत होतं आणि तो जुना आहे हे कुठेही लिहीत नव्हतं. मापाच्या साधनाने एवढं तरी सांगायलाच हवं.

अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्स या फोनच्या लपलेल्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग (हीच मर्यादा) बंद करता येतं. बंद केलं आणि आलेख हलायला लागला. लोखंडी कपाटामागचा राउटर दोन हात बाजूला सरकवला, तर मागची खोली उणे ८२ वरून ६६ वर आली. तेव्हापासून माझं मत बदललं.

अ‍ॅप मोफत, जाहिरात नाही, इंटरनेटची परवानगीसुद्धा मागत नाही. लोकेशन मागतं म्हणून घरच्यांना शंका आली होती. पण आसपासच्या राउटरवरून आपण कुठे आहोत हे कळू शकतं, म्हणून अँड्रॉइडच ती अट घालतं. मेहुण्याच्या आयफोनवर आसपासच्या राउटरांची अशी यादी साध्या अ‍ॅपला मिळतच नाही.

एक लक्षात ठेवा: आवाज कोणाचा किती मोठा ते यात दिसतं, कोण किती वेळ बोलतोय ते नाही. एकच राउटर असलेला चॅनेलही रात्री नऊला ठप्प असू शकतो. म्हणून मी संध्याकाळी दोनदा तपासतो.

पाचपैकी चार तारे. आकड्याखाली 'इतक्या सेकंदांपूर्वीचा' एवढं छापायला लागले की पाचवा देईन.