व्याख्यानमाला की वर्ग? दादासाठी मांडलेला जमाखर्च

माझा आतेभाऊ मार्चअखेर बँकेतून निवृत्त झाला. निरोप समारंभाच्या शालीची घडी मोडायच्या आत त्याचा फोन आला. "आता माझ्याकडे संध्याकाळच संध्याकाळ आहेत. टिळक स्मारकला व्याख्यानं ऐकायला जाऊ की मोडी लिपीचा क्लास लावू? तू दोन्ही केलंयस, तूच सांग."

फोनवर मी "दोन्ही चांगलं आहे" असं गुळमुळीत उत्तर दिलं. बँकेतल्या माणसाला असं उत्तर चालत नाही. "रकाने पाडून सांग," म्हणाला. रकाने मला जमत नाहीत, पण हिशेब मांडते. त्याच्यासारखे आणखीही कुणी अडले असतील.

आधी व्याख्यानमाला. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभा ती चालवते. २१ एप्रिल ते २० मे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक वक्ता आणि रोज नवा विषय, अशी तिची रीत. आज शेती, उद्या संविधान, परवा हृदयविकार. आपण नुसतं जाऊन बसायचं. कुणी हजेरी घेत नाही, गृहपाठ विचारत नाही, कंटाळा आला तर मधेच उठता येतं. (मधेच उठणाऱ्याकडे पुढच्या रांगेतले ज्या नजरेनं बघतात, ती सोसायची तयारी हवी.)

पहिल्या वर्षी मी एकोणीस दिवस गेले. वही घेऊन जायची. दिवाळीच्या आवराआवरीत ती वही हाती लागली. एका पानावर लिहिलं होतं, 'पाणीवाटप, वरचे गाव, फार महत्त्वाचे', आणि खाली दोन रेघा. काय महत्त्वाचं होतं ते काही केल्या आठवेना. वक्ता उत्तम होता, मी मन लावून ऐकलं होतं, त्या रात्री जेवताना घरच्यांना सगळं सांगितलंही होतं. सहा महिन्यांत उरल्या त्या दोन रेघा.

म्हणून व्याख्यानं वाया गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथे मी असे विषय ऐकले की ज्यांच्या वाटेला आपणहून कधी गेले नसते. क्लास आपण आवडीचाच लावतो, त्यामुळे आपलं कुंपण तेवढंच राहतं. पाणीवाटपाचा तपशील विसरले तरी त्या विषयावरची बातमी मी आता ओलांडून पुढे जात नाही. शिवाय व्याख्यान संपल्यावर बाहेर जे पंधरा मिनिटं रेंगाळणं होतं, त्यात वक्त्याची जी चिरफाड होते, ती ऐकायला मी अर्धा तास जास्त उभी राहिले आहे.

आता मोडी. इथे जरा थांबते, कारण दादाला वाटतं तसं हे 'एक लिपी शिकणं' एवढंच नाही. मुळाक्षरं आठवड्याभरात येतात. आधी ओळभर शिरोरेघ आखून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची, शक्यतो हात न उचलता. ह्रस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेल्यांना सुरुवातीला फार आनंद होतो. तो टिकत नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, र तर शेजारी कोण बसलंय ते बघून रूप बदलतो. पाटीवरचं मोडी वाचणारा माणूस खऱ्या पत्रापुढे बसला की पहिल्या ओळीतच अडतो.

अक्षरं लागली की भाषा अडवते. तारखेच्या जागी 'सुरसन अर्बा सबैन मया व अलफ' असं काही दिसतं. हे अरबी आकडे आहेत: अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७४. हे सुहूर सन, म्हणजे जुन्या दप्तरांतली कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, १७७३, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते साल. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ५९९ ऐवजी ६०० मिळवावे लागतात. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. एकोणीस व्याख्यानांपैकी एकानंही असं केलं नव्हतं. व्याख्यानात मी ऐकणारी होते, आणि इथे तो आकडा माझा मी सोडवला होता.

मोडीला सध्या मागणीही आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. त्यातली बरीच जुनी दप्तरं मोडीत, तेव्हा वाचणारी माणसं शोधावी लागली. पण मिळकतीच्या आशेनं जाणाऱ्यानं एक ओळखून असावं, की दहा-पंधरा दिवसांचा वर्ग करून कुणी वाचक होत नाही. रोज एक कागद याप्रमाणे सहा महिने डोळे घालावे लागतात. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं हे वर्ग वेळोवेळी घेतात. जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानात कोपऱ्यात येते, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

आता दादाच्या सोयीसाठी दोन्ही शेजारी ठेवते.

खर्चाचा प्रश्न गौण आहे. व्याख्यानाला किरकोळ, वर्गाला थोडा जास्त, पण पेन्शनीत बसेल एवढाच. खरा खर्च वेळेचा. एक व्याख्यान चुकलं तर एकच चुकतं. वर्गाचे दोन दिवस बुडले की तिसऱ्या दिवशी आपण शेजाऱ्याच्या वहीत डोकावत बसतो, आणि शेजारी विशीतला इतिहासाचा विद्यार्थी असेल तर तो भराभर पुढे गेलेला असतो. दादाच्या लेकीचं बाळंतपण जूनमध्ये आहे. हे त्यानं मला सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

शरीराचाही विचार करावा. व्याख्यानाला कान लागतात, मोडीला डोळे. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला फिकट कागद संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचायचा तर मोतीबिंदूचं आधी बघून घ्यावं. ऐकू कमी येत असेल तर सभागृहात पहिल्या चार रांगांत बसावं, पण त्यासाठी लवकर जावं लागतं. त्या रांगांना वर्षानुवर्षांचे मालक आहेत.

आणि ओळखी. व्याख्यानमालेत चेहरे ओळखीचे होतात, वर्गात माणसं. माझ्या मोडीच्या तुकडीतले सहाजण अजून महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात, एखादं जुनं खरेदीखत मधे ठेवतात आणि 'हा ब की ल' यावर पोह्यांची ताटली गार होईपर्यंत भांडतात.

बाकीचे पर्याय भरभर सांगते. परदेशी भाषा शिकायची तर फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण तिथे परीक्षा, हजेरी सगळं खरंखुरं असतं. वेळ घालवायला म्हणून जाऊ नये. गाणं किंवा तबला शिकायचा असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत कुठल्याही वयात देता येतात. नातवाबरोबर एकाच बाकावर बसून प्रवेशिका दिलेले आजोबा मी पाहिलेत, आणि नातवाचे गुण जास्त होते. आकाशदर्शनाची हौस असेल तर १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था टिळक स्मारकच्याच आवारात आहे. व्याख्यानाला जाता जाता चौकशी करता येईल.

घरबसल्या करायचं तर ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारचं स्वयम् पोर्टल. शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. त्यातल्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाच्या, अभ्यासक्रमात २५ गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायांना आणि ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला. मी एक लावला आणि पाचव्या आठवड्यात सोडला. शिकवणारे प्राध्यापक नामांकित होते, दोष माझा. घरी कुकरची शिट्टी झाली की व्हिडिओ थांबवता येतो, आणि थांबवलेला व्हिडिओ पुन्हा लावायला माझ्यात बळ नसतं. दादा माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे, त्याला जमेलही.

पुण्याबाहेरच्यांनी हळहळू नये. नाशिकला गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, दादरला अमर हिंद मंडळाची आहे, आणि बऱ्याच तालुक्यांत विद्यापीठांच्या बहिःशाल विभागाची (विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीची) व्याख्यानं होतात, ज्यांना बहुतेकदा वीस खुर्च्याही भरत नाहीत.

पैसे भरण्याआधी मात्र चौकशी करावी. एका खाजगी वर्गाला मी जाहिरातीतलं शिकवणाऱ्यांचं नाव बघून पूर्ण फी भरली. ते उद्घाटनाला आले, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा विद्यार्थी त्यांच्याच टिपणांवरून वाचून दाखवू लागला. तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारते: रोज कोण शिकवणार, तुकडीत किती जण, आणि पहिला तास बसून बघता येईल का. तिसऱ्या प्रश्नाला जिथे आढेवेढे घेतात तिथून मी परत येते.

तर दादा, माझं मत असं. यंदा एप्रिल-मेमध्ये व्याख्यानांना जा, रोज नको, आठवड्यातून तीन दिवस. एक दिवस तरी मुद्दाम नावडत्या विषयाचा निवड. क्लास दिवाळीनंतर लाव, बाळंतपण आणि डोळ्याचं ऑपरेशन दोन्ही उरकल्यावर. आणि लावलास तर मोडीच लाव, कारण आत्याच्या माळ्यावर तिच्या सासऱ्यांची पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात काय आहे ते आपल्यात कुणीच अजून वाचलेलं नाही.

हे सगळं मी त्याला लिहून पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं. पेटीतल्या एका पिवळ्या कागदाचा फोटो, आडवा आणि हललेला, आणि खाली प्रश्न: "यात रुपये किती लिहिलेत, तेवढं बघ गं."