शर्यतीचा फोटो दाखवून मला एमजीबी विकली

फ्रान्समधल्या ल मां इथल्या १९६३ च्या २४ तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचेसन यांची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, वाळूत रुतली होती. हचेसननं वाळू उपसून ती बाहेर काढली आणि एवढा वेळ जाऊनही गाडी बारावी आली. ही गोष्ट मला शाळेपासून तोंडपाठ आहे. म्हणून "१९६३ ची एमजीबी, शर्यतीत धावलेली, इंजिन मूळचंच" हे ऐकलं आणि माझं मन तिथेच अडकलं.

विकणाऱ्यानं एक कृष्णधवल फोटो पुढे केला. एमजीबी उभी, दारावर पांढऱ्या गोलात नंबर. "साहेब, हीच ती. आणखी दोघं बघून गेलेत, तुमच्यासाठी थांबलोय." त्याच दिवशी मी पैसे दिले. सोबत जाणकार नेला नाही, गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. रंग आरशासारखा होता.

महिन्याभरात उजवं दार लागेना. एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, हा तिचा कणा. मेकॅनिकनं गाडी जॅकवर घेतली, तर दाराची फट डोळ्यांदेखत बदलली. मग त्यानं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवर धरलं. ते चिकटलंच नाही, खाली पडलं. आत बोटभर पुट्टी! गंजलेला पत्रा न कापता त्याच्यावरच नवा पत्रा वेल्ड केला होता. खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तसा तो आरपार गेला आणि तळहातावर लाल भुगा सांडला.

घरी येऊन तो फोटो पुन्हा काढला. त्यातल्या गाडीच्या दाराला ओढायचं हँडल होतं. एमजीबीला ते १९६५ पर्यंतच येत असे. माझ्या दाराला बटण आहे. दारं बदलता येतात, म्हणून इंजिनावरची पट्टी बघितली. १९६३ च्या इंजिनाचा नंबर १८जी नं सुरू व्हायला हवा. माझ्या इंजिनावर १८व्ही आहे, ती मालिका सत्तरच्या दशकातली. शेवटी चासी नंबर देऊन ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहातून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मागवला. गाडी १९६६ ची निघाली, मूळ रंगही वेगळा. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

हा दाखला आधी मागवता आला असता, हेच मला सर्वांत जास्त लागतं. शर्यतीचा इतिहास असला की गाडीची किंमत चढते, म्हणून तो इतिहास खोटा रचला जातो. साध्या पोर्शे ९११ वर बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर चढवून ती १९७३ ची महागडी कॅरेरा आरएस म्हणून खपवणारेही आहेत. फोटोत चासी नंबर दिसत नाही. नंबराशी जुळणारा कागद हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका. 'दुसरा गिऱ्हाईक' उभा असेल, तर खुशाल त्याला घेऊ द्या.

सध्या दोन्ही सिल कापून नवे बसवायचं काम चालू आहे. गाडी माझ्याकडेच राहील. पण उद्या ती कुणाच्या हाती गेलीच, तर फाइलमध्ये तो दाखला सर्वांत वर लावलाय आणि फोटोच्या मागे शाईनं लिहिलंय: 'ही गाडी ती नव्हे.'