एसएसडी ‘नवी’ म्हणून दिली, रॅम गुपचूप काढली : लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी तिच्याहून कितीतरी वेगवान ड्राइव्ह, टाकली की तो इतका पळायला लागतो, की आतून दुसरं काही काढून घेतलंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आधी विंडोज सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची, आता पंधरा-वीस सेकंदांत काम होतं. माणूस खूश होतो, पैसे देतो आणि घरी येतो. चोरी या आनंदाखाली झाकली जाते. माझ्या वडिलांना असंच फसवलं गेलं. नंतर चौकशी केली तेव्हा आमच्याच सोसायटीतल्या आणखी एका काकांच्या लॅपटॉपमध्ये हाच प्रकार निघाला, तोही त्याच दुकानातून. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा निवृत्त आहेत, डोंबिवलीत राहतात आणि सोसायटीचे हिशेब सांभाळतात. त्यांचा लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला. घेतला तेव्हा त्यात ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती मेमरी, होती. २०२२ मध्ये मी स्वतः मागचं झाकण उघडून रॅमची दुसरी ८ जीबीची पट्टी, म्हणजे स्टिक, बसवली, म्हणजे एकूण १६ जीबी झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि बाबांच्या स्क्रीनवर त्याच्या सूचना यायला लागल्या. आठव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, तेव्हा लॅपटॉप बदलायची गरज नव्हती. फक्त जुनी १ टीबीची हार्ड डिस्क फार मंद झाली होती. ती काढून एसएसडी टाकायची आणि विंडोज ११ करून घ्यायचं, एवढंच काम. मी पुण्यात, त्यामुळे बाबा स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले.

दुकानदार बोलायला अतिशय गोड. ‘काका, तुम्ही निर्धास्त राहा, उद्या संध्याकाळी घेऊन जा.’ लॅपटॉप ठेवून घेतला आणि एका चिठ्ठीवर बाबांचं नाव, फोन नंबर आणि ‘एसएसडी + विंडोज’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी बिल झालं ६,८०० रुपये : एसएसडीचे ४,५००, विंडोज आणि डेटा ट्रान्सफरचे १,५००, सर्व्हिसिंगचे ८००. रोख दिले तर जीएसटी लागणार नाही असं सांगून कच्चं बिल हातात ठेवलं. जुनी हार्ड डिस्क मागितली तर म्हणाला, ‘ती खराबच झाली होती काका, टाकून दिली.’

मी जानेवारीत घरी गेले तेव्हा बाबांनी कौतुकाने लॅपटॉप दाखवला. खरंच वेगात चालत होता. पण ब्राउझरमध्ये बऱ्याच टॅब आणि सोबत हिशेबाची मोठी एक्सेल फाइल उघडली की मध्येच अडकायचा. १६ जीबीच्या मशीनने असं करायला नको. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले. ८ जीबी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे दोनपैकी एक.

मग मी एकेक गोष्ट तपासत गेले. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते ड्राइव्हच्या आतली नोंद वाचून दाखवतं. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ असा एक आकडा असतो, म्हणजे ड्राइव्ह आजवर एकूण किती तास चालू राहिली. नव्या ड्राइव्हमध्ये तो शून्य किंवा अगदी किरकोळ असायला हवा. इथे ११,४०० च्या वर होता. बाबांनी ती वापरली जेमतेम काही आठवडे. रोज दहा तास धरले तरी तीन वर्षांहून जास्त वापर झाला! ड्राइव्हवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीसाठी टाकला, तेव्हा कळलं की ही ड्राइव्ह सुट्या विक्रीची नव्हतीच. ती एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कारखान्यातच बसवून आलेली होती आणि अशा मालाची वॉरंटी ड्राइव्हचा उत्पादक ग्राहकाला देत नाही. ऑफिसं जुनी मशीनं भंगारात काढतात, त्यातला माल सुटा करून बाजारात येतो. याला ‘पुल-आउट’ म्हणतात. पुल-आउट माल विकणं हा गुन्हा नाही, कित्येक जण तो सांगून, अर्ध्या किमतीत विकतात. इथे तो नव्याच्या भावात विकला.

विंडोजचीही तीच गत. बाबांच्या लॅपटॉपसोबत होम आवृत्तीचा अस्सल परवाना आला होता. तो मशीनलाच जोडलेला असतो. विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत आणि कोरं इन्स्टॉल केलं तरी इंटरनेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. या माणसाने त्यावर प्रो आवृत्ती टाकली, क्रॅक मारून, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवून, चालू केली आणि ते क्रॅक पकडलं जाऊ नये म्हणून विंडोज डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या वगळायच्या यादीत एक फोल्डर घालून ठेवलं. म्हणजे त्या फोल्डरमध्ये काहीही आलं तरी अँटिव्हायरस तिकडे बघणार नाही. याच लॅपटॉपवरून बाबा नेट बँकिंग करतात. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. रॅम चोरली तर पैशांचं नुकसान होतं, पण इथे एका वयस्कर माणसाच्या घराचा मागचा दरवाजा उघडा टाकून वर त्याचे पैसे घेतले होते.

रॅमच का काढली असेल, याचं उत्तर बाजारात आहे. जगातली बहुतेक सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यावर त्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत साध्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी सहज परवडणारी ८ जीबीची स्टिक दुपटी-तिपटीच्या घरात गेली. म्हणजे तुमच्या घरातला जुना लॅपटॉप जरी विकायला काढला तर फारसा पैसा देत नसला, तरी त्याच्या पोटातली रॅम आज खिशात घालण्याइतकी मौल्यवान झाली आहे. नखाएवढ्या दोन खटक्यांवर बसलेली असते ती. काढायला अर्धं मिनिट पुरतं आणि उरलेल्या एका स्टिकवर लॅपटॉप विनातक्रार चालतो.

मी दुकानात गेले तेव्हा अपेक्षित तेच उत्तर मिळालं. ‘मॅडम, तुमच्यात आठच होती. तुमच्याकडे काही प्रूफ आहे का?’ या एका प्रश्नावरच हा सगळा धंदा चालतो. लॅपटॉप ताब्यात देताना आत काय होतं याची कुठेच नोंद नसते, चिठ्ठीवर तर नसतेच. आमच्या नशिबाने पुरावा निघाला. २०२२ मध्ये रॅम बसवल्यावर मी टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यात १५.९ जीबी आणि दोनपैकी दोन स्लॉट वापरात असल्याचं स्वच्छ दिसत होतं. तो दाखवल्यावर सूर बदलला. आधी ‘मधल्या काळात कोणी काढली असेल’, मग ‘आमचा पोरगा नवीन आहे, बघतो’, आणि शेवटी ‘ताई, वाढवू नका’.

मी वाढवलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन तडजोडीचा प्रयत्न करते, तिचं म्हणणं दुकानदारावर बंधनकारक नसतं. म्हणून सोबत स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. बहुतेक दुकानांत ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावलेली असते. तिच्याकडे पाहून निमूट परत फिरू नका. पोलीस स्टेशनलाही लेखी अर्ज दिला. दुरुस्तीसाठी विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर हडप करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येणारा न्यासभंग. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली.

नोटीस पोचल्यावर एसएसडीचे पूर्ण पैसे परत मिळाले. रॅमही मिळाली, पण आमची नव्हे. आमची २६६६ मेगाहर्ट्झची होती, ही २४००ची कुठल्यातरी अनोळखी ब्रँडची. ती लावली की दोन्ही स्टिक कमी वेगावर चालतात. ती मी घेतली नाही. हार्ड डिस्क मात्र आजतागायत परत आलेली नाही, आणि खरं नुकसान तिथे आहे. त्यावर आई-बाबांची आधार आणि पॅनची स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं, सोसायटीच्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर, घरचे सगळे फोटो होते. ती ‘खराब’ नव्हतीच, कारण त्याच डिस्कवरचा डेटा या माणसाने नव्या ड्राइव्हवर ट्रान्सफर करून दिला आणि त्याचे पैसे घेतले. फॉरमॅट केली असं तो म्हणाला तरी त्याला काही अर्थ नाही. झटपट फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरून फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने फायली परत काढता येतात.

तेव्हा ज्यांची जुनी डिस्क अशी दुकानात राहिली आहे त्यांनी आधी हे करा. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला, सुरुवात ईमेलपासून. बँकेला कळवा. आधारचं बायोमेट्रिक यूआयडीएआयच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून लॉक करा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवून आपल्या नावावर अनोळखी कर्ज तर निघालेलं नाही ना ते बघा. पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणाचाही विचार न करता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही बाबांच्या बाबतीत हे सगळं केलं. सोसायटीच्या सभासदांनाही कळवावं लागलं. बाबांना ते फार जड गेलं, इतकी वर्षं चोख हिशेब ठेवणारा माणूस तो. त्यांचा काडीचाही दोष नव्हता आणि सभासदांनीही तसंच सांगितलं.

लॅपटॉप अजून द्यायचा असेल तर त्याआधी टास्क मॅनेजरमधल्या मेमरी आणि डिस्कच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर घेतलंत तर त्याच्या एसपीडी पानावर प्रत्येक स्टिकची कंपनी, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा सिरियल नंबरही दिसतो. तो फोटो सगळ्यात मोलाचा. जीबीचा आकडा दुकानदार दुसरी हलकी स्टिक लावून भरून देऊ शकतो, सिरियल नंबर त्याला आणता येत नाही. हे नंबर जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप ठेवून घेताना दुकान देतं त्या पावतीवर, लिहून सही घ्या, आणि ‘जुनी हार्ड डिस्क ग्राहकाला परत’ हे वाक्य त्यावर हवंच. लिहायला कुरकुर करणाऱ्या दुकानात लॅपटॉप ठेवू नका. बॅटरी बदलायची असेल तरी हेच, कारण विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात.

खरं तर नुसती एसएसडी बसवायला लॅपटॉप ठेवून जायची गरजच नसते. झाकण उघडून ड्राइव्ह बदलायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वेळ जातो तो डेटा कॉपी करण्यात. नंतर मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले, तिथल्या एका म्हाताऱ्या टेक्निशियनने सीलबंद खोका माझ्या हातात दिला, मला सील फोडायला लावलं, माझ्यासमोर ड्राइव्ह बसवली आणि पैसे घेण्याआधी स्वतःहून क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून शून्य तासांचा आकडा दाखवला. पक्कं बिल दिलं, त्यावर ड्राइव्हचा सिरियल नंबर होता. अशी माणसं या धंद्यात भरपूर आहेत आणि पहिल्या दुकानासारख्यांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

रॅम आणि हार्ड डिस्कसाठी बाबांनी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सोसायटीतले ते दुसरे काकाही आपली तक्रार भरत आहेत. त्यांच्याकडे स्क्रीनशॉट नाही, पण लॅपटॉप घेतानाचं मूळ बिल सापडलं आहे आणि त्यावर १६ जीबी असं छापलेलं आहे.