कोरल ब्यूटी घ्यावा की फ्लेम एंजल?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ड्वार्फ एंजलफिश (छोट्या आकाराचा सागरी एंजलफिश) पाळायचा म्हटले की निवड बहुधा सेंट्रोपायगे वंशातल्या दोन जातींपाशी येऊन ठेपते. एक म्हणजे जांभळट निळ्या अंगावर नारिंगी झाक असलेला कोरल ब्यूटी आणि दुसरा लालभडक अंगावर काळे उभे पट्टे मिरवणारा फ्लेम एंजल. दोघेही साधारण १० सेंटिमीटरचे होतात, दोघेही दिवसभर खडकांवरचे शेवाळ टिपत फिरतात, आणि म्हणून दोघांनाही किमान २५० लिटरची, कपारी असलेल्या लाइव्ह रॉकची (सूक्ष्मजीव वसलेल्या सच्छिद्र खडकांची), काही महिने मुरलेली टाकी लागते.

फरक आहे तो मुख्यतः स्वभावाचा. फ्लेम एंजल एकदा रुळला की टाकीवर हक्क सांगू लागतो आणि नंतर आलेल्या लहान, भित्र्या माशांना कोपऱ्यात दाबतो. कोरल ब्यूटीही हद्द राखतोच, परंतु तुलनेने सौम्यपणे. कोणताही घेतला तरी तो बाकीच्या माशांनंतर, सर्वांत शेवटी टाकीत सोडावा. दोघांनाही एकत्र ठेवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आकार आणि आहार सारखाच असल्याने घरगुती टाकीत बहुधा एकाचा छळच होतो.

टाकीतल्या प्रवाळांना तोंड न लावण्याची हमी दोघांपैकी कोणाचीही देता येत नाही. मांसल प्रवाळ, झोआंथिड (प्रवाळांचे मऊ, फुलांसारखे दिसणारे नातलग) आणि ट्रायडॅक्ना जातीचे मोठे शिंपले यांना टोचण्याची खोड दोन्ही जातींत आढळते. एखादा मासा वर्षभर सभ्यपणे वागून मग अचानक सुरुवात करतो. स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळाचे खाद्य), नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) आणि मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून दोन-तीनदा दिल्यास धोका कमी होतो, संपत नाही. महागडे शिंपले आधीच टाकीत असतील, तर मी या दोघांपैकी एकही सुचवणार नाही.

शांत मासे असलेल्या पहिल्या टाकीसाठी माझी पसंती कोरल ब्यूटीलाच राहील. सोबती दणकट असतील, तर फ्लेम एंजलच्या रंगाला तोड नाही. कोणताही मासा घेण्यापूर्वी तो खाताना डोळ्यांनी पाहावा आणि घरी आणल्यावर क्वारंटाइनमध्ये परजीवींवरचे तांब्याचे औषध जपूनच वापरावे, कारण ते या वंशाला सहज मानवत नाही. निवड चुकली तर दुरुस्ती सोपी नसते: कपारीत शिरलेला हा मासा जाळीने सापडत नाही आणि त्याला बाहेर काढण्यासाठी बहुतेक वेळा सगळी खडकांची रचनाच उपसावी लागते.