ऑपरेशन की इंजेक्शन? प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन बंद करण्याचे दोन मार्ग

हाडांच्या स्कॅनमध्ये डाग दिसले की डॉक्टर सांगतात, हार्मोन बंद करायला हवं; ऑपरेशन करू या की इंजेक्शन घेणार? गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्या घरांत हा प्रश्न येतो, तिथे बऱ्याचदा लाज उत्तर देते: 'ते कापाकापीचं नको.' लाजेला वाव असावा, पण शेवटचा शब्द तिचा नसावा.

त्याआधी मुलांच्या मनातली एक शंका. बाबांचं हार्मोन जास्त होतं म्हणून हे झालं का? तसं नाही. 2008 मध्ये 18 अभ्यासांतल्या 3,886 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि या कॅन्सरचा धोका यांचा संबंध आढळला नाही. मग बंद कशाला करायचं? रोप लावलेल्या शेतात पुरेसं पाणी असलं की आणखी सोडून पीक वाढत नाही, पण पाणी तोडलं की सुकतं, तसंच हे. पातळी 500 वरून 400 वर आली तर गाठीला काही फरक पडत नाही. डेसिलिटर रक्तामागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली गेली की गाठ आकसते. हार्मोन तोडलं की आजार मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं आणि 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही मार्ग त्याच आकड्याखाली जाण्याचे. आयुष्य किती वाढतं, या हिशेबात दोन्ही सारखेच.

ऑपरेशन म्हणजे दोन्ही वृषणं काढणं. काम छोटं, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. काही तासांतच टेस्टोस्टेरॉन तळाला जातं. वरचं आवरण ठेवून फक्त आतला भाग काढायची पद्धतही आहे, त्यात पिशवी अगदी रिकामी वाटत नाही. हे मुद्दाम विचारा, कारण न विचारता कोणी सांगेलच असं नाही. मात्र एकदा झालं की परत फिरणं नाही.

ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं. थांबवता येतं, हा त्याचा मोठा गुण. वयस्कांमध्ये मात्र दीर्घ उपचारानंतर हार्मोन पूर्ण परत येईलच असं नाही. गोम सुरुवातीला आहे. पहिले काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, मग दोन ते चार आठवड्यांत खाली येतं. म्हणून आधीपासून बायकॅल्युटामाइडच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणाऱ्या, गोळ्या देतात. कण्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला जात असेल, पाय जड पडत असतील, तर ही वाढ महागात पडू शकते. तिथे ऑपरेशन किंवा डेगारेलिक्स हे दुसरं इंजेक्शन. त्यात वाढ होत नाही, पण ते दर महिन्याला पोटावर टोचावं लागतं.

आणि तारखा! भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल केलेला असतो, पण तो गणेशचवथीच्या आठवड्यात आला की 'पुढच्या सोमवारी जाऊ' होतं. उशीर झाला की टेस्टोस्टेरॉन पुन्हा डोकं वर काढू शकतं. शिवाय एकेका डोसची किंमत हजारांत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड असलं तरी त्यात हे औषध बसतं का, ते पहिल्या डोसआधीच इस्पितळात विचारून घ्या. चौथ्या डोसला विचारून उपयोग नाही.

अंगातून उठणारी गरमी, इच्छा जाणं, स्नायू झडणं, पोट सुटणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं हे हार्मोन गेल्याचे परिणाम आहेत, मार्गाचे नव्हेत. त्यामुळे 'इंजेक्शन घेतलं तर पुरुषपण राहील' हा हिशेब चुकीचा. हाडांची घनता तपासणं, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं दोन्हीकडे हवंच.

माझं मत विचाराल तर रेडिएशनच्या जोडीला सहा महिने ते तीन वर्षं हार्मोन बंद ठेवायचं असेल, तर इंजेक्शनच. तिथे तुलनाच नको. पंचाहत्तरी ओलांडलेले, आजार हाडांत पसरलेले, सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावात राहणारे आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेणारा मुलगा परगावी, असं असेल तर मी ऑपरेशनकडे झुकेन. पण साठीतला माणूस ज्याला आरशात स्वतःला तसं बघणं सोसणार नाही, त्याने ते सोसायला हवं असं मी म्हणणार नाही.

ऑपरेशन केलं म्हणजे गोमेकॉच्या फेऱ्या संपल्या, असंही समजू नका. वृषणं नव्वद टक्क्यांहून अधिक टेस्टोस्टेरॉन बनवतात, उरलेलं मुख्यतः मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून येतं. त्यासाठी पसरलेल्या आजारात आता अनेकदा अबिराटेरॉन (हार्मोन बनणंच रोखणारं औषध) आणि त्याच्या जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही देतात, आणि त्यावर असताना रक्तदाब, पोटॅशियम, यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. रक्त देतानाच पीएसए या प्रोस्टेटच्या चाचणीबरोबर टेस्टोस्टेरॉनचाही आकडा मागा.