पाणी साचलेल्या शिडाच्या नौकेची केबिन आणि उपकरणे: दुरुस्तीनंतर नऊ महिन्यांचा अनुभव

नौका १९ फुटी, फायबरच्या कवचाची. आत दोन बाक, त्यांखाली सामानाचे कप्पे, एक प्लायची आडभिंत, सागवानी कपाट आणि दोन ड्रॉवर. मुक्काम उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळ्याच्या बाजूला. परतीच्या पावसाचे पाणी आत साचून बाकाच्या फळीला टेकले आणि काही आठवडे तसेच राहिले. दुरुस्ती मुख्यतः फेब्रुवारी ते मे सोलापुरात झाली, थोडे काम पाऊस सुरू झाल्यावर उरले, जूनअखेर नौका पाण्यात उतरली. आता मार्च संपत आलाय, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि हिवाळा तिने पाहिला आहे. लाकडाचे काम जवळपास सगळे टिकले. होकायंत्र आणि वायुभारमापक उत्तम चालतात. खोली मोजण्याच्या यंत्राचा जुना डिस्प्ले वाचला नाही. ड्रॉवर मात्र दोनदा करावे लागले, आणि त्याचे कारण या कामातले सर्वांत महत्त्वाचे आहे.

आधी एक गैरसमज. धरणाचे पाणी गोडे, त्यामुळे समुद्रापेक्षा नुकसान कमी, असे सर्रास मानले जाते. तारा आणि स्क्रूंच्या बाबतीत ते खरे आहे. लाकडाच्या बाबतीत उलटे आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ काही प्रमाणात रोखते, पावसाचे पाणी तिला पोसते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की धोका सुरू होतो, आणि बंद केबिनमध्ये तो आपोआप खाली येत नाही.

लाकडाला हात लावण्याआधी गळती शोधली. आतल्या बाजूला सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि बाहेरून पाइपने पाणी सोडले, खालून वर, एकेका भागावर दहा मिनिटे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि खरी जागा कळत नाही. पावडरीवर रेघ उमटली ती दोन ठिकाणी: खिडकीचे रबर आणि डोलकाठीचा पायथा. खिडकीला ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावली. डोलकाठीच्या पायथ्याचे स्क्रू काढले तेव्हा भोकांमधली प्लाय काळी पडलेली होती. डेकमधून आत जाणारे प्रत्येक भोक संशयित समजावे.

वाळवणे. तळाचा गाळ आणि पाणी काढल्यावर सोलापुरी टेरी टॉवेलचे जुने तुकडे कप्प्यांत दाबून ठेवले आणि दिवसातून दोनदा पिळले. जाड सुताचे ते कापड पाणी शोषायला स्पंजापेक्षा सरस. मग सुटणारे सगळे लाकूड बाहेर काढून सावलीत रचले. प्रत्येक थरात २० मिमीच्या पट्ट्या, दर ४० सेंटिमीटरला एक, आणि वर वजन. उन्हात टाकायचा मोह आवरावा. बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो, फळीला टोकाकडून भेगा जातात. दोन टोकांना मेण किंवा जुना रंग फासला तर भेगा बऱ्याच टळतात. दोन सुयांच्या ओलावामापकाने दर आठवड्याला त्याच खुणेवर मोजले. मीटर बहुधा दुसऱ्याच लाकडावर बेतलेला असतो, म्हणून आकड्यापेक्षा तो उतरायचा थांबला का ते पाहावे. ३५ वर असलेल्या फळ्या पाच आठवड्यांत १२ वर आल्या आणि एप्रिलअखेर ७ वर.

इथेच चूक झाली. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड इतके वाळते की ते पाण्यावर कधीच तसे राहणार नसते. पावसाळ्यात फुगवट्यावर तेच सागवान १४-१५ टक्क्यांवर जाते. आडव्या नसांच्या (टोकाकडून पाहिल्यास वलये रुंदीला समांतर दिसणाऱ्या) सागवानाची रुंदी ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण ०.२ टक्के बदलते. ८ टक्क्यांचा फरक आणि ३०० मिमी रुंदीची फळी घेतली तर वाढ ४ ते ५ मिमी भरते. उभ्या नसांच्या फळीत ती जवळपास निम्मी. ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या मेमध्ये १ मिमी फटीने बसवल्या होत्या, ऑगस्टमध्ये त्या जागीच जाम झाल्या. दुसऱ्या वेळी उभ्या नसांचे तुकडे निवडले, फट ४ मिमी ठेवली आणि आतून ६ मिमीची पट्टी मारून ती झाकली. सुताराला ही फट खटकते. तो घरातल्या कपाटाच्या अंदाजाने काम करतो, म्हणून रंधा फिरण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावे. सागवान ११-१२ टक्क्यांवर असतानाच मापे घेऊन कापणे सर्वांत चांगले, म्हणजे सोलापुरात मार्चचा पहिला पंधरवडा.

कुजलेला भाग ओळखायला पेचकसाची मूठ पुरते. चांगले लाकूड टणक वाजते, कुजके ढब्ब. टोक टोचून पाच मिमीपेक्षा सहज आत गेले की ते लाकूड वाचवण्याच्या फंदात पडू नये. आडभिंतीचा खालचा २२ सेंटिमीटरचा पट्टा पूर्ण कापून काढला, दिसणाऱ्या कुजीच्या वर आणखी १० सेंटिमीटर. वरची प्लाय चांगली वाटते, पण बुरशीचे धागे पुढे गेलेले असतात. उरलेल्या भागावर आणि लपलेल्या फळ्यांवर १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन हात मारले. लाकूड थोडे ओलसर असताना हे द्रावण खोल जाते. वाळल्यावर वर पांढरे खडे दिसतात, ते ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा गोंद) धरत नाही. आणि हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे वर आवरण नसेल तर सगळी मेहनत धुऊन जाते.

नवी प्लाय आयएस ७१० ची (मरीन प्लायचे भारतीय मानक), १२ मिमी. या मानकाच्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळतात. शिक्क्यावर विसंबून न राहता कापलेल्या कडेत पोकळ्या पाहाव्यात आणि एक तुकडा घरी उकळून बघावा. आमच्या पहिल्या खेपेतली एक शीट सहा तासांत सुटली, ती परत केली. पांढरा ग्लू इथे कामाचा नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो. केबिनमध्ये उष्णता आणि ओल एकत्र येतात.

इपॉक्सीबद्दल सविस्तर लिहायला हवे. सहज मिळणारी जोडी म्हणजे रेझिन एलवाय ५५६ आणि हार्डनर एचवाय ९५१. वजनाने १०० ग्रॅम रेझिनला १० ते १२ ग्रॅम हार्डनर. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर हे काम करू नये, कारण एवढ्या कमी प्रमाणात दोन ग्रॅमची चूकही सांध्यात मऊपणा ठेवते. जास्त हार्डनर घातला की लवकर सुकते, हा समज चुकीचा आहे. जादा हार्डनर मोकळाच राहतो. एप्रिलच्या दुपारी मगात कालवलेले १०० ग्रॅम पंधरा मिनिटांतच तापून धुरकटते. म्हणून ४० ग्रॅमचे घाणे, उथळ ट्रेमध्ये पसरवून. लाकडावरचा पहिला हात संध्याकाळी पाचनंतर. सकाळी लावला तर लाकूड तापत जाते, आतली हवा फुगते आणि आवरणात बुडबुड्यांची रांग येते. तापमान उतरत असताना लाकूड हवा आत खेचते आणि तिच्याबरोबर रेझिनही. कडांना तीन हात, पृष्ठभागाला दोन. प्लायमध्ये पाणी शिरते ते कडेतून आणि भोकांतून, पृष्ठभागातून फारसे नाही. तरीही पृष्ठभाग चकचकीत आणि कडा कोरड्या, असे काम वारंवार दिसते.

पावसाळी हवेत कामाचा शेवटचा भाग उरला तेव्हा सुकलेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला. तो साध्या पाण्याने आणि घासणीने जातो. थिनर चोळला तर पसरतो.

प्रत्येक स्क्रूचे भोक ४ मिमी असेल तर ८ मिमीपर्यंत मोठे केले, एरोसिल (सिलिकाची हलकी भुकटी) घालून लोण्यासारखी घट्ट केलेली इपॉक्सी त्यात भरली, दुसऱ्या दिवशी मध्ये पुन्हा २.५ मिमीचे भोक पाडले. स्क्रू आता लाकडाला टेकतच नाही. काम कंटाळवाणे आहे, ७४ भोके होती, पण नऊ महिन्यांनंतर एकाही स्क्रूभोवती काळे वर्तुळ नाही. गोड्या पाण्यासाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस पुरेसे, ३१६ वर खर्च नको.

जुने सागवान लोखंडी खिळ्यांमुळे काळवंडले होते. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. वीस मिनिटांत डाग उतरतो. नंतर तीन वेळा भरपूर पाण्याने धुवावे, आणि वाळल्यावर घासताना मास्क हवाच, राहिलेल्या ॲसिडची भुकटी नाकात जाते. सागवान तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून पंधरा-वीस मिनिटांच्या आत सांधा जोडावा. पॉलिशला दोन घटकांचे सॅटिन पीयू (पॉलियुरेथेन), पाच हात, मध्ये ३२० चा घासकागद. वेळ पहाटे सहा ते नऊ, नंतर वारा धूळ आणतो.

उपकरणांकडे येऊ. भिजलेले उपकरण पाण्याने जितके बिघडते त्याहून जास्त, भिजलेले असताना वीज चालू राहिल्याने बिघडते. तांब्याच्या वाटा विरघळतात. म्हणून पाणी दिसताच पहिले काम बॅटरीची तार काढणे. आतल्या सर्किटच्या पाट्या सुट्या करून डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतल्या, मऊ ब्रशने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले, ४५ अंशांवर दोन दिवस वाळवल्या. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय निरुपयोगी, गाळ तसाच राहतो आणि वर पिठूळ धूळ बसते. हे अल्कोहोल ॲक्रिलिकच्या काचेला लावू नये, बारीक तडे जातात. खोलीमापकाच्या एलसीडीत पाणी थरांमध्ये शिरले होते, तिथे उपाय नसतो. तबकड्यांच्या कडा पुन्हा बंद करताना न्यूट्रल सिलिकॉनच वापरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना तांबे खाते.

तारांमध्ये पाणी वेष्टनाखालून वर चढते. टोकाला हिरवे दिसले म्हणून दोन सेंटिमीटर कापून भागत नाही. एका तारेत ४० सेंटिमीटरपर्यंत काळे तांबे निघाले, तेव्हा सगळ्याच बदलल्या: कथिलाचा मुलामा असलेली तार, क्रिंप (दाबून बसवलेले टोक), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी). भार चालू असताना बॅटरी आणि उपकरण यांच्यातला फरक ०.३५ व्होल्टच्या आत यावा.

नव्या खोलीमापकाचा ट्रान्सड्यूसर (तळाकडे आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणारा भाग) कवचाच्या आतून बसवला. चिकटवण्याआधी पाण्याने भरलेली पॉलिथिनची पिशवी मध्ये धरून वाचन येते का ते पाहावे. कवच तिथे सुटलेले असेल तर आवाज पार होत नाही आणि चिकटवल्यावर ते कळून उपयोग नसतो. इपॉक्सीत एकही बुडबुडा नको. उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, जाते तेव्हा बुडालेल्या वस्त्यांचे चौथरे आणि झाडांचे बुंधे नौकेच्या तळाच्या अगदी जवळ येतात. पळसदेवचे मंदिर वर आलेले सगळ्यांनी पाहिले आहे. अशा पाण्यात हे यंत्र चैन नव्हे.

होकायंत्रात मोठा बुडबुडा होता. आतला द्रव काहींत अल्कोहोलचा, काहींत खनिज तेलाचा. एक थेंब काढून नव्या द्रवात मिसळून पाहावा, गढूळ झाला किंवा वेगळा राहिला तर तो नको. भरताना तापमान २८ अंशांच्या आसपास असावे. इथे जानेवारीत पहाटे १५ आणि मेमध्ये ४२, गारठ्यात काठोकाठ भरले तर उन्हाळ्यात पडदा फाटतो. जवळच्या तारांची धन-ऋण जोडी पिळून घेतली, म्हणजे त्यांचे चुंबकत्व काट्याला ओढत नाही. सोलापूर परिसरात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे काठावरच्या ओळखीच्या खुणांवरून तपासणी सोपी जाते.

वायुभारमापक बहुतेक जण टाकून देतात. टाकू नये. आतली डबी बंद असते, गंजते ती जोडणी. ती कोरडी करून खुंट्यांवर घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरला. समुद्रासाठी लावलेला काटा इथे ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतो आणि लोक त्याला बिघडलेला समजतात. उजनीची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे ५५ हेक्टोपास्कलची घट साहजिकच. मागचा स्क्रू थोडाथोडा फिरवून हवामान खात्याच्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी जुळवावा. डबी जिवंत आहे की नाही याची परीक्षा आपली हवाच घेते: दख्खनवर दाब सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला ३-४ हेक्टोपास्कलने उतरतो. काटा रोज हा हेलकावा घेत असेल तर यंत्र ठीक. आमचा पहिल्या आठवड्यापासून घेतो आहे.

आजची स्थिती. आडभिंतीच्या खालच्या पट्ट्यात ओलावा १३, सप्टेंबरात सर्वाधिक १६ होता. केबिनला १०० मिमीच्या दोन झडपा आहेत, पुढे एक आणि मागे एक. त्या बंद राहिलेल्या दहा दिवसांत बाकाखाली बुरशीचा वास आला, उघडल्यावर गेला. उपकरणांच्या डब्यातले सिलिका जेल दोन महिन्यांनी नारिंगीचे हिरवे होते, १२० अंशांवर तीन तास भाजून परत टाकतो. बाकाच्या एका सांध्यात केसाएवढी फट पडली आहे. बंद केबिन उन्हात ५० अंशांच्या पुढे जाते आणि खोलीच्या तापमानाला सुकलेली इपॉक्सी त्या सुमारास मऊ पडू लागते. तो सांधा पावसाळ्यात जोडलेला होता. एप्रिलमध्ये काढून पुन्हा जोडणार, सुकल्यावर काळ्या प्लास्टिकखाली तीन दिवस उन्हात भाजणार, आणि मगच त्यावर भार टाकणार.